दारात सही न्हाय

मंडळी, गारगोटीजवळच्या आमच्या गावात ग्रामसभेची वही दरवर्षी सभेआधीच घरोघर फिरते. आम्ही बायका दारातच सही करतो आणि सभा झाली म्हणतो.

आज पंचायतीचे शिपाई वही घेऊन आले, तर सासूबाई म्हणाल्या, "परत न्या. मी सभेत येऊन सही करतो." सभेला जाताना त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बायका सोबत घेतल्या.

ग्रामसेवक वर्षभरात झालेली कामं वाचत होते. "वरच्या गल्लीत नळ सुरू केला."

सासूबाई उठल्या. "आमी वरच्या गल्लीतल्याच हाय. नळाला टिपूस न्हाय की!"

सरपंचांनी ती ओळ खोडायला लावली. यंदाच्या कामांत तोच नळ पहिला लिहिला.

मगच चौथी शिकलेल्या सासूबाईंनी सही केली. मी बी.ए. होऊन दहा वर्षं दारातच करत होते.

तुम्ही कुठं करता?