कांद्यातून सरळ

"पोचलो, सर!" विलास ओरडला.

समोर त्याच्या चुलत्याची म्हैस रवंथ करत होती. माझ्या नकाशावर त्या जागी माळावरची एकटी बाभूळ असायला हवी होती. आदल्या दिवशी तो असाच आत्मविश्वासाने स्मशानात पोचला होता. त्याआधी एका हौदात.

गोठ्यातून चुलता बाहेर आला. बबन त्याचं नाव. त्याची नजर म्हशीवर नव्हती, विलासच्या हातातल्या कंपासवर होती.

"मोजणी लावली व्हय रं तुझ्या बापानं? नोटीस न देता?"

"न्हाई काका, आमी चालायला शिकतोय."

"एवढा घोडा झालास, आता चालायला शिकतोस?"

बोरी बुद्रुकमधल्या या दोन घरांत बांधावरून वाद होता. विलासचा बाप गेनूभाऊ आणि बबन हे चुलत भाऊ. बांध कुणी कोरला यावर त्यांचं एकमत होणं शक्य नव्हतं, आणि झालं असतं तर दोघंही आजारी पडले असते. अशा गावात रानात कंपास घेऊन उभं राहणं म्हणजे लग्नात पोलीस आणण्यासारखं आहे.

मी लष्करात जवानांना मॅप रीडिंग शिकवायचो. निवृत्त होऊन शेजारच्या पिंपळवंडीला पुस्तकं वाचत बसलो होतो. गेनूभाऊ माझा शाळेतला मित्र. एक दिवस तो पोराला घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, हा दगड घडव."

विलास इन्फन्ट्रीत लान्सनाईक होता. कमांडोंच्या सिलेक्शनला स्वतःहून गेला होता. धावणं, पोहणं, दोर चढणं, सगळ्यांत पहिला. नेव्हिगेशनमध्ये नापास. आता दुसरी संधी मिळाली होती, आणि तीच शेवटची. या वेळी चुकला तर कायमचा परत युनिटला. सुट्टी संपायच्या आत त्याला सरळ चालता यायला हवं होतं.

नेव्हिगेशन म्हणजे काही जादू नाही. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन म्हणजे बेअरिंग. कंपासवर तो कोन लावायचा, त्या रेषेत लांबची एखादी खूण पकडायची आणि पावलं मोजत तिच्याकडे जायचं. पावलांवरून अंतर कळतं. मी विलासला फक्त बेअरिंग आणि अंतर द्यायचो. कुठं पोचायचं ते सांगायचो नाही, कारण गाव त्याचंच. बाभळीकडं जा म्हटलं असतं तर तो डोळे मिटून गेला असता.

कागदावर तो पक्का होता. वहीत एक चूक नाही. मग मी शिकवणाऱ्याने करावं ते केलं. शिकवणं बंद केलं आणि त्याच्या मागून चाललो.

लगेच दिसलं. पहिलं शेत आलं की हा बांधावर वळायचा. बांध संपेपर्यंत जायचा, मग अंदाजाने पुन्हा रेषेवर यायचा. त्या वळणाची पावलंही हिशेबात धरायचा. अडथळा आला तर काटकोनात वळसा घाला, हे त्याला कोर्समध्ये शिकवलं होतं. पण आमच्याकडचे बांध भूमितीने घातलेले नाहीत, वाटण्यांनी घातलेत. काटकोन औषधालाही सापडत नाही. आणि मुख्य म्हणजे रोप तुडवलं जाऊ नये म्हणून हा सगळा वेळ पायाखाली बघायचा. लांबची खूण केव्हाच हरवलेली.

"मधून सरळ का गेला नाहीस?"

"सर, जनावरांचा घास व्हता की."

"कुणाचा?"

"कुणाचा का असंना."

"आणि तिकडं? सिलेक्शनला?"

त्याने कंपास मिटला. मग म्हणाला, "तिकडं भात व्हता."

मी हे गेनूभाऊला सांगितलं, तेव्हा बबनही मोजणीच्या संशयाने तिथंच घुटमळत होता. गेनूभाऊला भलताच आनंद झाला.

"एवढंच? जा रं इल्या, काकाच्या घासातनं जा. चांगला नाचत जा!"

"पाय टाक, तंगडं मोडून हातात दीन," बबन म्हणाला.

विलास दोघांच्या मधे उभा. मी म्हटलं, घास राहू दे. विहिरीवरून नवीन बेअरिंग देतो. कंपास लावला, कोन सांगितला. विलासने रेषा बघितली आणि कंपास खाली घेतला. रेषा गेनूभाऊच्या कांद्यातून जात होती. चार दिवसांपूर्वीची लागवड. रोपं नुकती मान वर काढत होती.

गेनूभाऊचा आनंद मावळला. बबन बांधावर ऐसपैस बसला आणि त्याने तंबाखूची डबी काढली.

"चालू द्या मास्तर. मला काय घाई न्हाई."

गेनूभाऊने मला एक शिवी दिली. ती इथं लिहिता येत नाही, पण तिच्यात माझी पेन्शनही आली होती. मग पोराला म्हणाला, "तुडव."

विलास हलला नाही. लहानपणी पतंगामागं लसणातून धावला म्हणून याच बापाने त्याला विहिरीपासून घरापर्यंत बडवत नेलं होतं. तो मार अजून पायांत होता.

"आण्णा, कांदा हाय."

"मला दिसतंय. मीच लावलाय."

तरी नाहीच. मग गेनूभाऊने वहाणा काढल्या आणि स्वतःच वाफ्यात उतरायला निघाला. "माझ्यामागं ये."

मी अडवलं. "तू पुढं चाललास तर तो तुझ्याकडं बघून चालेल. त्याला कंपासकडं बघायचंय."

गेनूभाऊ थांबला. एकदा रोपांकडं बघितलं. मग पाठ फिरवून, बबनकडं तोंड करून उभा राहिला.

"मी बघत न्हाई. जा."

विलास निघाला. पहिली काही पावलं चोरट्यासारखी. मग त्याने मान वर केली. लांबचा विजेचा खांब पकडला आणि चालत सुटला. पायाखाली काय चाललंय ते गेनूभाऊला ऐकू येत होतं. त्याने डोळेही मिटून घेतले. बबन तंबाखू मळायची विसरला.

बऱ्याच वेळाने टेकाडापलीकडून हाक आली. "सर, म्हसोबा!"

म्हसोबाचा शेंदरी दगड. बरोबर तोच.

बबन उठला, धोतर झटकलं. "उद्या माझ्या घासातनं बी जाऊ दे. न्हाईतर हा गावभर सांगंल, बबनमुळं पोरगं नापास झालं." मग माझ्याजवळ येऊन हळूच, "पर मास्तर, मोजणी न्हाई ना?"

सुट्टीभर दोन्ही घरांची पिकं आम्ही निःपक्षपातीपणे तुडवली. एकदा मान वर ठेवायची सवय लागली, तसा विलास बांधावरून वळसा घेऊनही नेमका पोचू लागला. खूण डोळ्यांत असली की पाय कुठूनही जाऊ देत.

तो पास झाला. मोबाईल अजून गावात आला नव्हता. एसटीडी बूथवर फोन आला, गेनूभाऊ कानाला रिसीव्हर लावून एवढंच म्हणाला, "कांद्याची भरपाई कोण देनार?" आणि फोन माझ्याकडं देऊन बाहेर गेला. बराच वेळ आला नाही.

गेल्या महिन्यात गेनूभाऊ गेला. दशक्रियेला आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे भाषणं झाली. ज्यांना तो ओळखत नव्हता त्यांनी त्याचे गुण सांगितले. मलाही माईक दिला, पण मला उभ्याने बोलणं जमलं नाही. म्हणून हे बसून, सावकाश लिहितो आहे.

विधी उरकून आम्ही घाटावरून घरी निघालो. वाटेत पुन्हा कांदा होता. पावणेमंडळी जेवणाच्या ओढीने मधूनच गेली. विलास बांधावर वळला.

"सरळ जा की रं," बबन मागून म्हणाला. "आता कोन मारतंय?"

"म्हणून तुडवू व्हय, काका?"

बबनने धोतर सावरलं. तोही बांधावर आला. माझा विद्यार्थी पुढं चालला होता, मान वर, नजर घराच्या कौलांवर. तंत्र निर्दोष होतं. मीही वळलो.