बी बाजू, तिसरं गाणं

खरवईच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक घर होतं. तिथलं भिंतीवरचं घड्याळ साडेतीन तास पुढे असायचं. बिघडलं म्हणून नाही, मुद्दाम. संध्याकाळी साडेपाचला चहाला आलेला पाहुणा नऊ वाजलेले बघून अर्धा कप तसाच ठेवून उठायचा. मग काकी म्हणायच्या, "बसा हो, ते जपानचं आहे. आपलं मोबाइलात बघा." या घड्याळापायी अख्खी सोसायटी त्यांच्या नवऱ्याला जपानकाका म्हणायची. पासपोर्ट नसलेला हा माणूस टोकियोत आत्ता दुकानं उघडी असतील की बंद, हे घड्याळाकडे न बघताही सांगायचा.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जॅझच्या जुन्या तबकड्या जमवायला घेतल्या. दुकानात नव्हे, इंटरनेटवरच्या लिलावात. तबकडी ज्या साली निघाली त्याच सालची हवी, नंतर पुन्हा काढलेली नको. अशा तबकड्या जपानी लोकांनी फार जपून ठेवल्यात, म्हणून ते घड्याळ. चांगल्या स्थितीतली तबकडी त्यांना परवडायची नाही. पाण्यानं फुगलेलं, वाळवीनं खाल्लेलं कव्हर असलं की ते पुढे सरसावायचे. म्हणायचे, "मला काय कव्हर ऐकायचंय?"

बोली लावायची त्यांची रीत ठरलेली होती. शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत बोट उचलायचं नाही. काकी मिक्सर बंद करायच्या. काका मनातल्या मनात कारखान्यातल्या प्रेस मशीनच्या ठोक्यावर सेकंद मोजायचे, ओठ हलवत, आणि सातव्या ठोक्याला बोट टेकवायचे. बहुतेक वेळा हरायचे. "गेलं," एवढंच म्हणायचे, आणि काकी मिक्सर पुन्हा सुरू करायच्या.

त्यांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे एक सिंधी शेठ उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात होते. काका तबकडी उलटी करून त्यांना मधल्या लेबलवरचं 'मेड इन यूएसए' दाखवायचे. शेठ चष्मा वर करून म्हणायचे, "साईं, यूएसए का माल तो हम इधर पीछे की गली में बनाते हैं." काका गंभीरपणे सांगायचे, "शेठ, ये ओरिजिनल है." शेठ हसून सुई बदलून द्यायचे. 'ओरिजिनल' हा शब्द उल्हासनगरात इतक्या गंभीरपणे उच्चारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मी वाढले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. माझे वडील जयंतीला, सहा डिसेंबरला पुस्तिकांचा स्टॉल लावायचे आणि उरलेल्या वर्षात मोर्च्यांची पत्रकं छापायचे. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर निषेध'वरून. काका मला नावानं हाक मारायचे नाहीत. दार उघडून म्हणायचे, "काय गं पत्रक, आज कोणाचा निषेध?" मी त्यांना एकदा तोंडावर सांगितलं होतं की आपली वस्ती तुंबलेल्या गटाराशी भांडत असताना परदेशी तबकड्या जमवणं ही चैन आहे. ते रागावले नाहीत. त्यांनी मला आप्पांची गोष्ट सांगितली.

आप्पा म्हणजे काकांचे वडील, सखाराम मास्टर. कॅम्पातल्या लग्नांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरातीला सगळ्यांत पुढे, जेवायला सगळ्यांत मागे, मांडवाच्या बाहेर. एका लग्नात मुंबईच्या हॉटेलातल्या जॅझ बँडचा कोणी माणूस पाहुणा होता. पुढे त्या बँडची तबकडी निघायच्या वेळी त्यांचा क्लॅरिनेटवाला आजारी पडला, तेव्हा त्याला आप्पा आठवले. आप्पांना नोटेशन वाचता येत नव्हतं. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा वाजवलं. बी बाजू, तिसरं गाणं. कव्हरवर मात्र नाव आजारी माणसाचंच छापलं गेलं.

आप्पांना एक तबकडी मिळाली होती. पण घरात ती वाजवायचं यंत्रच नव्हतं. काकांच्या आईनं तिचं पिठाच्या डब्यावर झाकण केलं, आणि घर बदलताना ते झाकण भंगारात गेलं. काका म्हणायचे, "आईची काय चूक? माप बरोबर बसत होतं." आप्पा ती चाल घरी, लग्नात, कुठंही वाजवायचे, त्यामुळे काकांना ती सबंध पाठ होती. पण तबकडीतले आप्पा त्यांनी कधीच ऐकले नव्हते. बाकीच्या सगळ्या तबकड्या म्हणजे या एकीची वाट बघणं होतं. चैन हा शब्द मी त्यानंतर त्यांच्यासमोर उच्चारला नाही.

गेल्या वर्षी ती तबकडी टोकियोच्या एका विक्रेत्यानं लिलावात ठेवली. बोली अजून त्यांच्या आवाक्यात होती, कारण त्या बँडचं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. ते मला म्हणाले, "तुझं इंग्लिश चांगलंय. एवढंच विचार, बी बाजूला ओरखडा आहे का. बस. जास्त काही लिहू नको."

मी दीड पान लिहिलं. बँडवाल्यांना मांडवाबाहेर वाढलेल्या पत्रावळी लिहिल्या, चुकीचं छापलेलं नाव लिहिलं, पिठाचा डबाही लिहिला. शेवटी लिहिलं की या तबकडीवर पहिला हक्क ज्याच्या बापाचा श्वास तिच्यात आहे त्याचा आहे. सत्य मोठ्यानं सांगितलं की न्याय मिळतो, हे मला घरात शिकवलं गेलं होतं.

तासाभरात विक्रेत्याचं उत्तर आलं: ओरखडा नाही, आणि पत्र वाचून मी हेलावून गेलो. दुसऱ्या दिवशी बघते तर माझं अख्खं पत्र त्या जाहिरातीत. वर सखाराम मास्टरांचं नाव, ठळक. खाली, खास त्या पत्रामुळे, तिसऱ्या गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकण्यासाठी. दुपारपर्यंत बोली दुप्पट झाली, संध्याकाळपर्यंत बघण्यासारखी राहिली नाही. एका अनाम तबकडीला मी गोष्ट मिळवून दिली होती, आणि जगभरच्या जमवणाऱ्यांना गोष्ट असलेली वस्तू हवी असते.

शेवटच्या दिवशी घड्याळात दहा वाजत आले होते, म्हणजे आपले साडेसहा. सगळ्यांना ठाऊक होतं की उपयोग नाही. तरी काकींनी मिक्सर बंद केला. काकांनी निवृत्तीचं राखून ठेवलेलं सगळं मनात धरून आकडा टाकला होता. सातव्या ठोक्याला बोट टेकवलं. आठव्याला तो आकडा मागे पडला.

"गेलं."

मी रडत म्हणाले, "काका, माझ्यामुळे झालं." ते मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन जाहिरात वाचत होते. एकेक अक्षर. मग म्हणाले, "नाव छापून आलं बघ. स्पेलिंग पण बरोबर आहे."

मी दुसऱ्या दिवशी नवं पत्र लिहायला बसले. विकत घेणाऱ्याला, विक्रेत्याला, कोणाला तरी. काका म्हणाले, "कोणाचा निषेध करशील? त्यानं पैसे मोजून घेतली. चोरी कुठाय?" पत्रकाला वर लिहायला कोणीतरी लागतं, आणि इथं कोणीच नव्हतं. लूट झाली होती आणि लुटारू नव्हता.

त्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात आधी पियानो आहे, ड्रम आहे. अगदी शेवटी क्लॅरिनेटचे दोन सूर लागतात आणि तुकडा संपतो. काका तो रोज ऐकायचे. दोन सुरांवर आप्पा थांबले की ते डोळे मिटून पुढची चाल तोंडानं सुरू करायचे. तिथून शेवटापर्यंत, एकही जागा न गाळता. काकी भाजी चिरता चिरता बोट हलवायच्या. जणू बाप थांबलाय आणि मुलगा वाजवतोय.

जुनी जाहिरात काही दिवसांनी निघून जाते, हे कळल्यावर मी तो तुकडा माझ्या मोबाइलात उतरवून घेतला, त्यांच्याच घरी, त्यांच्या मोबाइलशेजारी माझा ठेवून. जाहिरात पुढे खरंच नाहीशी झाली. आप्पांचं नावही तिच्याबरोबर गेलं. आणि यंदा उन्हाळा सुरू होता होता काका गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत.

परवा काकींकडे गेले होते. घड्याळ अजून साडेतीन तास पुढेच आहे. मी विचारलं, "काकी, नीट लावून देऊ?" त्या म्हणाल्या, "राहू दे. नीटच आहे ते." मग म्हणाल्या, "ते गाणं आहे ना गं तुझ्याकडे? लाव."

मी लावलं. पियानो, ड्रम, आप्पांचे दोन सूर, आणि तुकडा संपला. पण माझं रेकॉर्डिंग त्यापुढे दोन सेकंद चालू राहिलं होतं. त्या दोन सेकंदांत काकांनी घेतलेला श्वास ऐकू येतो, पुढची चाल सुरू करण्याआधीचा. आणि लगेच माझा आवाज, "काका, श्श. ओरिजिनल घेतेय ना."