अर्ध्या मिनिटाचा फोन

प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच उत्तर देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे आतोबा. झाशीच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवण्याची सवय काही निवृत्त झाली नाही. बटाटा मूळचा कुठला, हे भाजीवाल्याला समजावल्याशिवाय ते बटाटा घेत नसत. लक्ष्मी गेटपाशी कुणी पत्ता विचारला, तर आधी त्याच्याकडून उत्तर दिशा ओळखून घेत आणि मगच रस्ता सांगत. गल्लीतले लोक त्यांना चुकवून जात, आणि अडलं की त्यांच्याकडेच येत.

अशात टीव्हीवर तो प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम सुरू झाला. नुसत्या रकमा ऐकूनच माणसांचे डोळे पांढरे व्हायचे. सदर बाजारातली दुकानं त्या वेळी ओस पडत आणि सामान्य ज्ञानाची पुस्तकं महाग होऊनही मिळत नसत. वीज जायची म्हणून आतोबांनी मोटारीची जुनी बॅटरी आणून टीव्हीला जोडली होती. चार पर्याय ऐकणं हा ते स्वतःचा अपमान समजत. खुर्चीतल्या माणसाला अडल्यावर ओळखीच्या कुणाला तरी फोन लावून अर्ध्या मिनिटात उत्तर विचारता येई. ही सवलत त्यांना फार सलायची. "भीक मागायला एवढ्या लांब कशाला गेला," असं ते पडद्याकडे बघून म्हणत.

त्यांच्या आधी उत्तर देऊ शकेल असं माणूस जगात एकच होतं, त्यांची लेक शोभा. पण तिचं नाव त्या घरात निघत नसे. मऊरानीपूरच्या एका मास्तराशी, जातीबाहेर, तिनं लग्न केलं तेव्हा आतोबा एकच वाक्य बोलले होते, "आता आपलं बोलणं संपलं." आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं पाळलं. आत्या भाजीचं निमित्त काढून बाजारातल्या बूथवरून लेकीला फोन करायची. आतोबांना ते कळत होतं, कारण ती भाजी न घेताच परत यायची. रात्री ते मुकाट्यानं पिठलं खायचे.

एके दिवशी मुंबईहून त्या कार्यक्रमवाल्यांचा फोन आला. शोभाजी खेळायला येत आहेत, मदतीसाठी त्यांनी तुमचं नाव दिलंय, उद्या दुपारी फोनजवळ बसाल का? आतोबा "बैठेंगे" म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर स्वारी दाढी करून, कडक इस्त्रीचा कुर्ता घालून फोनसमोर बसलेली. "आतोबा, फोनवर काही दिसत नाही," मी म्हटलं. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

फोन वाजला. सूत्रसंचालकानं नियम सांगितला, आणि मग शोभाचा आवाज खोलीभर ऐकू आला. "बाबा, बेतवा नदी का प्राचीन नाम क्या है?" पाठोपाठ तिनं चार नावं भराभर वाचली. भूगोलाच्या मास्तरांना, तेही झाशीत, हा प्रश्न म्हणजे हातचा मळ.

"जेवलीस का?" आतोबांनी विचारलं.

"हो बाबा."

"आवाज बसलाय तुझा. गार पाणी पितेस का अजून?"

"कमी केलंय हो. तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा आहे. आणि ते? ते बरे आहेत का?"

जावयाचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तोही 'ते' असा. "हो, आहेत," असं ती म्हणाली आणि फोन तुटला.

पुढचं सगळं आम्ही नंतर टीव्हीवर पाहिलं. शोभानं 'वेत्रवती' हे उत्तर क्षणात दिलं. पुढे एका अवघड प्रश्नावर ती अडली, तेव्हा फोन करायची सवलत उरली नव्हती, आणि ती बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी गल्लीभर हसू झालं. शेजारचे गुप्ताजी म्हणाले, "काए भाऊसाब, जौ तौ हमें सोई पता हतो." म्हणजे गुप्ताजींनासुद्धा उत्तर येत होतं. आतोबा म्हणाले, "भूल गए, भैया." 'मला येत होतं' असं ते कुणालाच, अगदी आत्यालाही, म्हणाले नाहीत. कार्यक्रम ते नंतरही पाहत, पण आता चारही पर्याय संपेपर्यंत गप्प बसत. त्या हिवाळ्यातच ते गेले.

तेराव्याला शोभा नवऱ्याला घेऊन आली. सगळं आटोपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "दादा, ते नाव मला बाबांनीच ओरछ्याला नदीकाठी नेऊन पाठ करून घेतलं होतं. मला उत्तर येत होतं."

"त्यांनाही ठाऊक होतं, तुला येतं ते."

"मग मला वाटलं, एवढं बोलले, आता फोन करतील."

"तेही हेच म्हणायचे, शोभा. आता ती करेल, म्हणायचे."

ती पदरात तोंड घालून रडली. दोघंही हुशार आणि दोघंही हट्टी. सगळ्या जगाची उत्तरं पाठ असलेल्या त्या घरात पुढचा फोन कुणी करायचा, एवढं मात्र कुणाला ठरवता आलं नाही, आणि त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.