शिसवाची कड

आमच्या घरात वाकडं काही खपत नसे. वह्यांची कव्हरं, चादरींच्या घड्या, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळ्यावर बाबांची नजर. पोळी जरा लांबट झाली तरी आईला विचारायचे, "हा कुठला नकाशा?" त्याच शिस्तीत मी वाढले आणि दादाही. दादाच्या अंगात ती जरा जास्तच मुरली.

तुकोगंजातल्या घरामागचा शिसव वादळात पडला, तेव्हा आई जाऊन बराच काळ लोटला होता. बाबांची नजर जवळजवळ गेली होती आणि आठवणही विरत चालली होती. दादा पुण्याहून आला, कुठूनतरी चेनसॉ आणली आणि अंगणातच ओंडक्याच्या फळ्या पाडल्या. हौसेला मोल नाही. मध्ये काठ्या घालून त्या पडवीत रचल्या आणि दोन उन्हाळे वाळू दिल्या.

ते दोन्ही उन्हाळे बाबा त्या चळतीजवळ बसून असायचे. वरच्या फळीची कड झाडाच्या अंगासारखीच नागमोडी होती, साल धरून राहिलेली. तिच्यात एक खाच होती. आईने कपडे वाळत घालायची तार त्या खोडाला बांधली होती आणि वर्षानुवर्षं ती सालीत रुतत गेली होती. बाबांचं बोट बरोबर तिथे जायचं. "ही तुझ्या आईची तार," म्हणायचे. तारेवरून आई आठवायची, आईवरून मी. मग तासभर तरी मी त्यांची मुलगी असायचे. एरवी मी घरातली कुणीतरी बाई होते.

थंडीत दादा त्या फळ्यांचं जेवणाचं टेबल करायला आला. मी त्याला बजावलं, "बाकी काय हवं ते कर, पण या फळीची कड राहू दे. बाबा तिच्यावरून ओळखतात."

"हो गं, देखता हूँ," म्हणाला.

मी कॉलेजात शिकवून परतले तर सगळ्या फळ्यांवर सुताने सरळ रेघ मारून, दोन्ही कडा उडवून तो मोकळा झाला होता.

"सालीत कीड असते गं," तो म्हणाला. "और एकच कड वाकडी ठेवून टेबल कसं दिसेल? बाबांना सरळच लागतं ना."

माझा संताप झाला तो यामुळेच, कारण तो खोटं बोलत नव्हता. सरळ लागणाऱ्या बाबांसाठीच त्याने ती कड कापली होती. ते बाबा केव्हाच गेले होते, पण वर्षातून दोनदा येणाऱ्याला ते कुठून कळणार? कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत विचारलं, तर बंबात घातल्या म्हणाला. बाबांच्या अंघोळीला पाणी तापवलं होतं.

टेबल सुरेख झालं, हे कबूल करायला अजून जिवावर येतं. रविवारी दुपारी आम्ही तिघं त्यावर जेवायला बसलो. बाबांचा हात कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. दादा हसून म्हणाला, "एकदम सरळ आहे ना, बाबा?"

जेवण झाल्यावर त्यांनी माझ्याकडे तोंड करून हात जोडले.

"बाई, जेवण बढ़िया होतं. आता आम्हाला घरी सोडा. मुलगी वाट बघत असेल."

दादा ताटात बघत बसला. मी म्हटलं, "चला, सोडते."