कळंबची रेंज

मुबीन आतार मूळचा बावड्याचा. वडील आठवडे बाजारात अत्तर आणि सुरमा विकत. मुबीन आयटीआय करून मोबाईलच्या टॉवरवर चढायच्या कामाला लागला. गुडघा दुखावल्यावर खाली उतरला आणि आमच्या बारामतीच्या ऑफिसात रेंज मोजायला आला. जीपमध्ये समोर चार फोन अडकवायचे, ठरल्या वेगाने गावोगाव हिंडायचं आणि कुठे किती रेंज मिळते ते नोंदवायचं. टॉवर कुठे उभारायचा, उभारलेला नीट चालतो का, हे त्याच्या आकड्यांवर ठरतं. ते आकडे तपासून सही करणं माझं काम. मी बी.कॉम. आहे. लहरींतलं फारसं कळत नाही, पण दोन कागद जुळत नाहीत हे चटकन कळतं.

गेल्या सप्टेंबरात कळंबचे कागद जुळेनात. एप्रिलमध्ये जिथे भरपूर रेंज होती, रस्त्याच्या त्याच दोन किलोमीटरच्या पट्ट्यात आता जवळजवळ काहीच नाही. टॉवरमध्ये बिघाड नव्हता. दोन्ही मोजण्या मुबीनच्या, म्हणजे एक खोटी. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून निरोप आला, आकडे बसल्या जागी भरले असतील तर माणूस काढून टाका. निर्णय माझ्यावर होता.

"कळंबला खरंच गेला होतास?" मी विचारलं.

"गेलो होतो, साहेब."

"आणि एप्रिलमध्ये?"

"तेव्हाही."

एवढंच. निर्दोष माणूस चार वाक्यं तरी जास्त बोलला असता, असं मला वाटलं. गाडीच्या किलोमीटरची वही काढली. ती तंतोतंत जुळत होती, त्यामुळे संशय आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता त्याच्या जीपमध्ये बसलो. वाटेत नजर फक्त फोनवर ठेवली. कळंबच्या पुढे आकडे घसरले. तरी माझं समाधान होईना. बांधावर एक म्हातारे शेतकरी बसले होते, बिरदेव तात्या. त्यांना मी मुबीन दाखवला.

"तात्या, याला इथं कधी पाहिलंय?"

"ह्यो चार फोनवाला? उन्हाळ्यात आलता की. आमाला वाटलं, भावकीतल्या कुणीतरी रानाची मोजणी आणली."

"तेव्हा रेंज होती?"

"व्हती. ऊस डोक्याच्या वर गेला की जाती, तोड झाली की येती. दरसालचंच हाय. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

मी मान वर केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बारा फुटी ऊस उभा होता, पावसाने भिजलेला. एप्रिलमध्ये तोड होऊन ही रानं मोकळी होती.

"मग हे सांगितलं का नाहीस?" मी मुबीनला विचारलं.

"एप्रिलच्या फॉर्मवर लिहिलं होतं, साहेब. 'ऊस तोडलेला आहे, पावसाळ्यात पुन्हा मोजावे.' तुम्ही खोडलंत. म्हणालात, फॉर्मात पिकाला रकाना नाही."

मला आठवलं. लाल पेनाने, पट्टी धरून खोडलं होतं.

पुण्याला मी कळवलं, दोन्ही मोजण्या खऱ्या आहेत, चूक माझ्या टेबलावर झाली. मुबीन कामावर राहिला. फॉर्मात आता उभ्या पिकाचा रकाना आहे. पण तेव्हापासून प्रत्येक मोजणीसोबत तो एक फोटो पाठवतो. गावाच्या नावाची पाटी आणि शेजारी तो स्वतः. गरज नाही, असं मी त्याला दोनदा सांगितलं.

"असू द्या, साहेब," तो म्हणतो.