सीटखालची डबी

माझ्या वडिलांचा, नानांचा, केळीचा टेम्पो थंडीत सुरू होत नसे. दोन हिवाळे त्यांनी सीटखालच्या स्टार्टिंग स्प्रेच्या डबीवर काढले. रोज सकाळी माय चावीशी बसायची, नाना बॉनेट उघडून हवेच्या नळीत फवारा मारायचे आणि ओरडायचे, "मार!" माय चावी फिरवायची, गाडी धडधडत उठायची. आमच्या घरी चहाच्या आधीचं काम हेच.

मी जळगावला मुलांना डिझेल इंजिन शिकवते. इंजिनात जाणारी हवा आधी तापवायला त्या गाडीत एक हीटर असतो, तो मेलाय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण घरच्या गाडीला हात लावायचा मुहूर्त मिळत नव्हता. शेवटी एका रविवारी एरंडोलजवळच्या आमच्या गावी मीटर घेऊन बसले. बॅटरीपासून रिलेपर्यंत, म्हणजे हीटरला करंट सोडणाऱ्या स्विचपर्यंत, करंट येत होता, पुढे हीटरला शून्य. रिले उघडला, तर आतली टोकं जळून काळी. नवा बसवला, सैल नट आवळला, चावी अर्धी फिरवली. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला. तो विझेपर्यंत थांबले, चावी पूर्ण फिरवली, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. टॉर्च धरून उभ्या मायला मी दोनदा करून दाखवलं.

नाना ओट्यावरून चेष्टेने म्हणाले, "आठे उन्हायामा डोकं तापस, अन् ही गाडीले हीटर लाई र्‍हायनी!"

माझं डोकं तिथेच फिरलं. आमचं जेवण मुक्यानेच झालं, आणि पहाटे मी त्यांना न भेटताच फाट्यावर जाऊन जळगावची बस धरली.

तिकिटासाठी पिशवीत हात घातला तर जुना रिले हाताला लागला. मी त्याच्याकडे बघून खूश होत होते, आणि अचानक आठवलं. हीटर आता चालू होता. आणि डबी सीटखालीच होती. त्या डबीतला चटकन पेट घेणारा फवारा तापलेल्या हीटरवर गेला की भडका नळीतून उलटा बाहेर येतो. त्या नळीच्या तोंडाशी रोज सकाळी नानांचा चेहरा असतो. हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते. घरात मात्र रुसून बसले होते.

नानांचा फोन बंद. मायचा वाजत राहिला, कुणी उचलेना. मी बस थांबवली, कंडक्टर काहीबाही बोलला, मी उतरून धावत सुटले. कपाशीच्या शेतातली आडवाट धरली, काटक्यांत ओढणी अडकली ती तशीच टाकली. घराकडून आवाज येईल या भीतीने धावता धावता मी कान झाकून घेतले होते. एवढी मी आयुष्यात कधी घाबरले नाही.

खळ्यात टेम्पो उभा होता. बॉनेट उघडं. नाना नळीवर वाकलेले, हातात डबी, आणि इंजिन चालू.

"मी अजून फवारं बी नही, अन् हिनी चावी मारी दिधी!" नाना चिडून म्हणाले.

माय सीटवरून म्हणाली, "पिवळा दिवा इझी गया, मंग चावी मारी. पोरनी सांगं व्हतं तसंच मी करं."

मी नानांच्या हातातली डबी ओढून घेतली. "काय व्हयनं वं?" ते विचारत होते, मी रडत होते. मग एका दमात सगळं सांगितलं: डबी, हीटर, भडका, आणि मी रागावून न सांगता गेले ते.

नानांनी नळीच्या तोंडाकडे पाहिलं, मग मायकडे. मग हळूच स्वतःच्या गालावरून हात फिरवला.