नळाखालची परात

आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तेही कधी येईल, नेम नाही. म्हणून नळ उघडा ठेवून खाली परात पालथी घालायची. ती वाजली की मोटार लावायला पळायचं. डोक्याला ताप नुसता! पाणी आल्याचं मोबाईलवर कळवणारं यंत्र करायला मी शहागंजातून वायफायची दोन बोर्डं आणली. दोन्ही सारखीच चांगली; एकाला पिना जास्त, दुसरं बॅटरी कमी खायचं. कोणतं बसवू? सेन्सरसाठी परात बाजूला केली. दुपारभर जीव थाऱ्यावर नव्हता; हे जोड, ते काढ, पुन्हा व्हिडिओ बघ.

शेजाऱ्यांची टाकी भरून वाहायला लागली, तेव्हा धावलो. नळाची धार माझ्यासमोर बारीक होत थांबली.

बायकोनं परात पुन्हा पालथी घातली. "आता निवांत ठरवा," ती म्हणाली. "पुढच्या पाण्याला लई दिवस आहेत."